मागून येणारा आवाज

२ फेब्रुवारी

दादा,

शाळेत पत्राचा मायना पाठ केला होता, तो आठवून बघितला. पण तुला साष्टांग नमस्कार घातला असता तर तू म्हणाला असतास, "नाटकं नकोत, कामाचं बोल." म्हणून नुसतं दादा.

फोनवर तू येत नाहीस. वहिनी घेतात, "ते डेपोत गेलेत" म्हणतात आणि मागून तुझा खोकला ऐकू येतो. हल्ली बाबांसारखाच खोकतोस, शेवटी एक 'हं' करून. गेल्या रविवारी तर वहिनी डेपो म्हणत असतानाच तू आतून ओरडलास, "कोण आहे गं?" त्या हसल्या, मीही हसलो, आणि दोघांनी फोन ठेवला. त्यांना म्हणावं, मनाला लावून घेऊ नका. खोटं बोलायची सवय नाही त्यांना, म्हणून पकडल्या जातात.

पत्र तुला फाडता येईल. पण फाडायच्या आधी माणूस एकदा बघतोच.

माझं बरं चाललंय. संघ तक्त्यात मधोमध आहे, वरही जात नाही आणि खालीही. कोच मला जरा विश्रांती देतोय. पस्तिशीच्या जवळ आलेल्या मिडफिल्डरला मोठ्या सामन्यांसाठी राखून ठेवतात. गुडघा ठीक आहे. मैदानाजवळ नवं घर घेतलंय, आधीच्यापेक्षा लहान, एकट्याला पुरतं. बायको काही दिवस तिच्या आईकडे गेली आहे. वहिनींनी विचारलं तर एवढंच सांग.

आता कामाचं. जूनमध्ये माझा इथला करार संपतो. त्यानंतर घरी यावं म्हणतो. बाबांची वरची खोली रिकामी आहे का?

तसं गावात हॉटेल आहे. पण आपल्याच गावात हॉटेलात उतरायचं, तिथल्या पोराने "साहेब, पहिल्यांदाच आलात का?" म्हणून विचारायचं, ते मला जमणार नाही. आठ वर्षं आपण बोललो नाही. तू 'ये' म्हणालास तरच येईन. रुसून लिहीत नाहीये हे. खरंच तसं आहे.

तुझा,
बारक्या


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. आमच्या जिन्याखाली सगळ्या बिऱ्हाडांच्या टपालाच्या पेट्या आहेत. मी सरावाला जाताना बघतो आणि येताना बघतो. खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंना वाटतं, मी त्यांच्याशी बोलायला थांबतो. काल म्हणाल्या, "प्रेमपत्राची वाट बघतोस वाटतं?" मी म्हटलं, "भावाच्या." त्या म्हणाल्या, "मग बस वाट बघत."

आज तुला एक गंमत सांगायची आहे.

घरामागची गल्ली आठवते ना? बाबा भिंतीपाशी स्टुलावर, हातात चेंडू. मी मध्ये, तोंड बाबांकडे. माझ्या पाठीशी तू. बाबा चेंडू टाकायचे. तू अंगावर धावून येत असलास तर ओरडायचंस, "मागे!" मग मी वळायचं नाही, एका स्पर्शात चेंडू बाबांना परत. तू गप्प राहिलास तर रस्ता मोकळा, मी वळून पुढे जायचं. कितीदा तू मुद्दाम उशिरा ओरडलास आणि मला भिंतीवर आपटलंस, आणि बाबांनी चप्पल तुझ्या दिशेने भिरकावली! पण खेळ तिथेच शिकलो मी. सगळे म्हणतात याला पाठीला डोळे आहेत. डोळे कसले, तुझा आवाज होता.

इथे आलो तेव्हा पहिलं वर्ष हातातून गेलं ते याच पायी. मागून इथल्या भाषेत ओरडायचे. शब्द कानात शिरून डोक्यात अर्थ लागेपर्यंत समोरचा चेंडू घेऊन पसार. आमचा गोलकीपर म्हणजे कपाटाएवढा माणूस. तो एकदा चिडून म्हणाला, "अरे बाबा, तुमच्याकडे काय ओरडतात?" मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने ड्रेसिंग रूमच्या दारावर त्यांच्या लिपीत तो शब्द मोठ्ठा लिहून लावला आणि सगळ्यांकडून घोकून घेतला. तेव्हापासून अख्खा संघ माझ्यासाठी 'मागे' ओरडतो. 'गे' जरा लांबवतात, पण पोचतो. दिवसभरात माझ्या भाषेतला हा एकच शब्द माझ्या कानावर पडायचा. घरी आल्यावर तोही नाही.

जानेवारीत एक नवा मिडफिल्डर आला. विशीतला, उंच, हातपाय लांबच लांब. त्याला सगळे शिडी म्हणतात. तोही परदेशातूनच आलाय, म्हणून कोचने बाहेरगावच्या सामन्यांना त्याला माझ्या खोलीत टाकलं. "दोघं मिळून घरची आठवण काढा," म्हणाला. पोरगा झोपेत पाय झाडतो. पण खेळतो देखणा.

गेल्या रविवारी मी बाकावर होतो, अंगावर ब्लँकेट. मैदानात गोलकीपर ओरडला, "मागे!" माझी मान आपोआप वळली, आणि मागे होता पाण्याच्या बाटल्यांचा खोका. हाक शिडीला होती. त्याने वळायचं टाळलं, एका स्पर्शात चेंडू सोडला. बरोबर केलं. म्हणजे शब्द क्लबात राहणार, मी जाणार.

विश्रांतीचं मी लिहिलं ते खरं नव्हतं. डिसेंबरपासून मी बाकावरच आहे. गुडघाही ठीक नाही. पाणी भरतं, काढतात, पुन्हा भरतं.

खोलीचं कळव.

बारक्या


१८ मार्च

दादा,

त्या शनिवारबद्दल तुला कधी लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. पण परवा एक गोष्ट घडली आणि ती सांगायला मला दुसरं कोणी नाही.

बाहेरगावचा सामना होता, दुपारचा. आमच्या कोचचा नियम आहे की सामन्याच्या दिवशी नाश्त्याच्या आधी सगळ्यांचे फोन गोळा करायचे. मॅनेजर एक कापडी पिशवी घेऊन दारोदार फिरतो, ते सामना संपल्यावर परत. शिडी अंघोळीला गेला होता आणि खोलीतला, हॉटेलचा फोन वाजला. त्याची बहीण. मोडक्या भाषेत, धापा टाकत बोलत होती. वडील कोसळले, दवाखान्यात आहेत, डॉक्टर म्हणतात लवकर ये. त्याला सांगा. मी "सांगतो" म्हटलं.

आणि तसाच खाली कोचकडे गेलो.

कोच अंडं सोलत होता. ऐकून घेतलं, अंडं खाली ठेवलं. वाईट माणूस नाही तो. म्हणाला, "त्याच्या देशाला जाणारं विमान कधी आहे?"

मॅनेजरने बघून सांगितलं, "उद्या सकाळी. त्याच्या आधी काहीच नाही."

"मग आत्ता सांगून तो काय करणार? विमानतळावर बसून राहणार. खेळू दे त्याला. सामना संपला की मी स्वतः सांगतो, तिकीट हातात देतो." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला कळतंय ना मी काय म्हणतो ते?"

दादा, मला काय कळत होतं ते तुला सांगायला नको. बाबांना गुरुवारी दवाखान्यात ठेवलं. शनिवारी माझा उपांत्य सामना. तू फोन केला नाहीस. मी खेळलो, विजयी गोल केला, टीव्हीवाल्याने माईक पुढे केला आणि मी दात काढून हसलो. बाबा सकाळीच गेले होते. तो फोटो लोक मला अजून पाठवतात, 'तुमचा सर्वोत्तम क्षण' म्हणून. तू गप्प होतास. मला गल्लीत शिकवलेलं एवढंच माहीत होतं की तू गप्प म्हणजे मागे कोणी नाही, रस्ता मोकळा. मी वळलो.

घरी आल्यावर दारात सगळ्यांसमोर जे बोललो ते तुला पाठ असेल. ते मी इथे पुन्हा लिहीत नाही.

म्हणून मी ठरवलं, शिडीला सांगायचं. पण नाश्त्याला तो पावाला जाम लावत कसलीतरी गोष्ट सांगत होता आणि सगळे हसत होते. तिथे सांगितलं नाही. बसमध्ये तो खिडकीला डोकं टेकून बसला होता. तिथेही नाही. शेवटी मैदानात जायच्या बोळात, रांग लागली असताना, त्याच्या कानाशी सांगितलं. याहून वाईट जागा शोधून सापडली नसती.

त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "कधी कळलं तुला?"

"सकाळी."

"सकाळी," तो म्हणाला. मग रांग हलली आणि तो आत गेला.

खेळायचं नाही, असं तो कोणाला म्हणाला नाही. पण त्याचे पायच त्याचे नव्हते. चेंडू सरळ समोरच्याला देत होता. दुसऱ्यांदा दिला तेव्हा आमच्यावर गोल झाला. मध्यंतराला कोचने त्याला बसवलं आणि बोट माझ्याकडे केलं.

मी उतरलो. गुडघ्याला घट्ट पट्टी होती. थोड्याच वेळात चेंडू माझ्याकडे आला आणि मागून आवाज आला, "मागे!" किती महिन्यांनी, दादा. मी एका स्पर्शात सोडला. शेवटाकडे माझ्याच पासवर आमचा गोल झाला, बरोबरी झाली. सगळे माझ्या अंगावर पडले. बाहेर माईक घेऊन एक जण उभा होता. माझ्या तोंडावर हसू येत होतं. आवरत नव्हतं. मी टॉवेल तोंडावर घेतला आणि पुढे गेलो.

ड्रेसिंग रूममध्ये शिडी कपडे करून बसला होता. म्हणाला, "सामन्यानंतर सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं? विमान उद्याच होतं ना? बाबा टीव्हीवर माझा खेळ बघतात. दवाखान्यातही लावला असेल. त्यांनी हे बघितलं."

कोचला कोणीतरी सांगितलंच होतं. तो माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "जागा हवी होती, तर माझ्याकडे मागायची."

तसं नव्हतं, असं मी म्हणालो नाही. बोळात त्याच्या कानाशी वाकलो तेव्हा माझ्या मनात काय होतं ते मी परवापासून आठवतोय. बाबा होते, तू होतास. आणखी काही होतं की नाही, ते माझं मलाच सांगता येत नाही.

बारक्या


९ एप्रिल

दादा,

शिडी परत आला. वडील वाचले. एक हात अजून हलत नाही, पण बोलतात. हे मला मालीशवाल्याकडून कळलं. शिडी माझ्याशी बोलत नाही. त्याने खोली बदलून मागितली. आता बाहेरगावी मला एकट्याला खोली मिळते, दोन पलंगांची.

बाकीचेही जपून बोलतात. मी आलो की विषय हवेवर जातो. गोलकीपर तेवढा म्हणाला, "सांगायचं तर पहाटे सांगायचं, नाहीतर संध्याकाळी. मधल्या वेळी कोण सांगतं?" मी म्हटलं, "मी मधल्या फळीतलाच ना." तो हसला, पण त्याच्याकडे बघून मला हसू आलं नाही.

वहिनींना सांग, ती तिच्या आईकडून परत येणार नाही. त्यांना कळलंच असेल. बायकांना कळतं. चांगली होती, दादा. म्हणायची, "तू मैदानात सगळ्यांकडे बघतोस आणि घरात भिंतीकडे." तुमची आणि तिची ओळखसुद्धा होऊ दिली नाही मी.

काल सरावात एक झालं. आपापसात सामना चालू होता, शिडी आणि मी एकाच बाजूला. चेंडू माझ्याकडे येत होता, माझी पाठ गोलकडे. शिडी माझ्या समोरच, दहा पावलांवर. त्याला माझ्या मागचं सगळं दिसत होतं. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो गप्प. मी वळलो.

मागून आलेला पोरगा नवखा होता, पूर्ण जोरात आला. माझा पाय जमिनीत रुतलेला आणि गुडघा दुसरीकडेच. आवाज मला स्वतःला ऐकू आला.

शिडी धावत आला, मांडी घालून बसला, माझं डोकं त्याने धरलं. म्हणत होता, "मला वाटलं तुला दिसलं. मला वाटलं तुला दिसतंच."

मालीशवाल्याने पट्टी कापली, बघितलं आणि माझ्याशी हवामानाबद्दल बोलायला लागला. तेव्हाच समजलो.

बारक्या


३० एप्रिल

दादा,

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाई सरळ बोलणाऱ्या आहेत. म्हणाल्या, "चालाल. जिने चढाल. फुटबॉल टीव्हीवर बघाल." करार संपेपर्यंत क्लब सगळं बघतोय. निरोपाला त्यांनी ड्रेसिंग रूमच्या दारावरचा तो कागद चौकटीत घालून दिला. मी म्हटलं, "मग दारावर काय?" गोलकीपर म्हणाला, "आता सगळ्यांना पाठ आहे."

दिवसभर पाय उशीवर ठेवून बसतो. खालच्या आजीबाई टपाल वर आणून देतात. "तुझा भाऊ फार कामात दिसतो," म्हणतात.

बसल्या बसल्या एकाच गोष्टीचा विचार करतो. शिडी का गप्प राहिला? ओरडायला वेळ मिळाला नाही? मला दिसलंय असं त्याला खरंच वाटलं? की त्याने क्षणभर ठरवलं, आज नाही ओरडायचं? मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, तरी सांगता येत नाही. आणि तुझ्या बाबतीत मात्र मी आठ वर्षं अगदी खात्रीने सांगत आलो. तुला तेव्हा दहा पावलांवरून बघितलंसुद्धा नव्हतं. तू दवाखान्याच्या कुठल्या बाकावर बसला होतास, हातात फोन होता का, नंबर लावून बंद केलास का, बाबा शुद्धीवर होते का, मला काही माहीत नाही. मी कधी विचारलंच नाही. बोललो, पण विचारलं नाही.

मी तुझ्या जागी अर्धा दिवस होतो. सांगितलं आणि शिव्या खाल्ल्या. सांगितलं नसतं तरी खाल्ल्या असत्या. तिथे बरोबर काय होतं ते मला आजही कळलेलं नाही.

म्हणून आता विचारतो. दादा, तू का गप्प राहिलास? भांडायला विचारत नाहीये. मला ते ऐकायचं आहे, तुझ्या तोंडून, कसंही असलं तरी.

आणि खोलीचं. आता मला हॉटेलही चालणार नाही, त्याला लिफ्ट नाही. तसा वरच्या खोलीलाही जिना आहेच. पण त्या जिन्याला कठडा बाबांनी लावलाय, तो माझ्या हाताला ठाऊक आहे. तू नाही म्हणालास तर मी इथेच राहीन. क्लब लहान पोरांना शिकवायला ठेवतो म्हणतोय. राहता येईल. माणूस कुठेही राहतो.

यापुढे लिहिणार नाही. आता तुझी पाळी.

बारक्या


१६ मे

दादा,

आजीबाई काल तुझं कार्ड घेऊन वर आल्या. त्यांना वाचता येत नाही आपलं, तरी दोन्ही बाजूंनी बघून आल्या होत्या. "एवढंच?" म्हणाल्या.

मी त्यांना भाषांतर करून सांगितलं. "विचारायचं ते इथे येऊन विचार. पत्रातून मला जमत नाही. वरच्या खोलीत डेपोतले जुने टायर ठेवलेत, काढतो. कुठल्या गाडीने येतोस?"

त्या म्हणाल्या, "टायर का ठेवलेत?" मी म्हटलं, "तुम्हाला माझा भाऊ माहीत नाही." त्यांनी कार्ड पुन्हा हातात घेतलं, खाली तू खोडलेलं होतं तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, "हे काय?" मी उजेडात धरून बघितलं. तू फार गिरवून खोडलं आहेस, पण 'बाबांनी' एवढं वाचता येतं. पुढचं येत नाही. राहू दे. समोरासमोर सांग.

जूनच्या पहिल्या सोमवारी सकाळी माझं विमान उतरतं. तिथून दुपारची बस धरीन, संध्याकाळी तुझ्याच डेपोत लागते ती. चुकवू नकोस म्हणत नाही, तू तिथेच असशील, कुठल्यातरी गाडीखाली. हात पुसून ये म्हणजे झालं.

एक सांगून ठेवतो. मी पुढच्या दाराने उतरेन, डाव्या हातात कुबडी, उजव्या हातात पिशवी. अजून पायरी उतरताना मला नजर पायावरच ठेवावी लागते. आजूबाजूला बघता येत नाही, मागे तर नाहीच. तू कुठे उभा आहेस ते मला दिसणार नाही.

तेव्हा ओरड.

बारक्या